‘थोडा वास येणारच’ : एका पद्मिनीचे शेवटचे तेरा तास

जुन्या गाडीच्या मालकांमध्ये एक वाक्य फार चालतं : ‘जुनी गाडी आहे, पेट्रोलचा थोडा वास येणारच.’ आधी ते मिस्त्री म्हणतो, मग शेजारी म्हणतात आणि शेवटी मालक स्वतःच घरच्यांना समजावताना म्हणू लागतो. हे वाक्य किती महागात पडतं, त्याचा हा घटनाक्रम आहे. यातली गाडी कुणा एकाची नाही. गॅरेजात, पार्किंगमध्ये आणि घाटात वेगवेगळ्या गाड्यांच्या बाबतीत जे घडत आलं आहे, ते इथे एका गाडीच्या एका प्रवासात ओवलं आहे. म्हणून माणसांना नावं दिलेली नाहीत. काका, काकू आणि पुतण्या, एवढं पुरे.

गाडी मात्र ओळखीची आहे : प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून ती बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं बारसं पद्मिनी असं झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि ज्याच्या घरी ती नव्हती त्याच्या निदान मामाकडे तरी होतीच. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता उरल्यात त्या हौशी लोकांच्या. काकांची दादरला असते. शनिवारी पुण्यात जुन्या गाड्यांचा मेळावा आहे आणि काका गाडी चालवत नेणार आहेत. ट्रकवर चढवून नेणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

तीन महिने आधी

सुरुवात इथून करायला हवी, कारण शनिवारी जे पेटलं ते गॅरेजात बसवलं गेलं होतं.

पद्मिनीचा मूळ पेट्रोल पंप इंजिनाच्या कुशीला असतो. आत रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम. इंजिनाची कॅमशाफ्ट एक दांडा हलवते, पडदा वरखाली होतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देतो. या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा गुण कुणी सांगत नाही : इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडतो. काकांच्या पंपाचा पडदा फाटला. फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं आणि काडीला पेट्रोलचा वास येतो. काकांना ते दिसलं होतं आणि त्यांनी गाडी मिस्त्रीकडे नेली, इथपर्यंत सगळं शहाणपणाचं.

मिस्त्री म्हणाला, “साहेब, किट मिळत नाही. इलेक्ट्रिक पंप टाकून देतो. घाटात हवा धरायची कटकटच नको.” त्याने डिकीजवळ एक टकटक करणारा पंप बसवला आणि त्याची वायर चावीवरून घेतली. चावी ऑन झाली की पंप सुरू. इंजिन चालू आहे की बंद, याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. शिवाय या कार्ब्युरेटरला दोन-तीन पीएसआय दाब पुरतो. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणून विकला जाणारा पंप सहज चारच्या वर देतो. मधे रेग्युलेटर बसवायला हवा होता, तो बसवला नाही. पुढे इंजिनाच्या बाजूला जुनाच रबरी पाईप ठेवला, कारण तो ‘अजून चांगला’ होता. त्यात एक प्लॅस्टिकचा फिल्टर जोडला. तो कशालाच बांधला नव्हता, नुसता पाईपच्या आधारावर लोंबत होता. क्लिपा साध्या जुबली.

यातली कुठलीही एक गोष्ट एकटी असती तर कदाचित वर्षानुवर्षं निभावून गेली असती.

शुक्रवार, रात्री ८.४५. बाकी : १३ तास

इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये वॉचमन सांगतो, “काका, तुमच्या गाडीखाली वास मारतोय.” काका मोबाइलचा उजेड पाडून पाहतात. फरशीवर ओल नाही, फक्त तळहाताएवढा पिवळट डाग, कडेला गडद रेघ. ते चिंधीने पुसतात. डाग जात नाही.

ऑइल गळलं तर ते तिथेच बसतं, बोटाला लागतं, दुसऱ्या दिवशीही दिसतं. पेट्रोल उडून जातं आणि मागे फक्त असा सुकलेला डाग ठेवतं. म्हणून ऑइलच्या गळतीला लोक घाबरतात आणि पेट्रोलच्या गळतीला नाही, खरं तर उलट हवं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, खाली बसते, उताराने वाहते, गटारात आणि लिफ्टच्या खड्ड्यात साचते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ मिसळली की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. शंभर मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे जेमतेम अर्धा पेला, पूर्ण उडालं तर हजार लिटरांहून जास्त हवा पेटण्याजोगी होते.

वॉचमनने हातातली विडी विझवली की नाही, हे काकांनी विचारलं नाही.

रात्री ११. बाकी : पावणेअकरा तास

घरात सगळे झोपलेत. खाली पाईप आपलं काम करतोय, म्हणजे हळूहळू कामातून जातोय. इथे थोडं थांबू, कारण या प्रकरणातला खरा गुन्हेगार हा दीड वीत लांबीचा रबर आहे.

जुन्या गाड्यांच्या नळ्या ज्या काळात बनल्या, त्या काळातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आता पंपावर ई-२० मिळतं, पाच भागांत एक भाग इथेनॉल. इथेनॉल जुन्या रबरात शिरतं, त्याला फुगवतं, त्यातले मऊपणा टिकवणारे घटक ओढून काढतं. गाडी रोज चालत असेल तर पाईप निदान ओला राहतो. महिन्यातून एकदा निघणाऱ्या हौशी गाडीत तो फुगतो, सुकतो, परत फुगतो, परत सुकतो आणि तडकतो. कापडाची जाळी चढवलेला पाईप आणखी फसवा, कारण जाळीखाली रबराचा भुगा झाला तरी वरून तो नवाच दिसतो. इथेनॉलचा दुसरा स्वभाव म्हणजे ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की पाणी-इथेनॉलचं मिश्रण वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजू लागतो. शिवाय वर्षानुवर्षं टाकीत चिकटलेला राळेसारखा थर ते सोडवतं. तो कचरा पुढे फिल्टरात आणि कार्ब्युरेटरच्या नीडलखाली जातो. नीडल नीट बसली नाही की फ्लोटची वाटी भरून वाहते.

ई-२० ने जुन्या गाड्या मारल्या, असं म्हणून मोकळं होणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. नळी बदलायची वेळ तेव्हाही होती, इथेनॉलने फक्त मुदत कमी केली.

काकांच्या पाईपला क्लिपच्या काठावर केसाएवढी चीर आहे. जुबली क्लिपच्या पट्टीला खाचा असतात. आवळताना त्या रबरात रुततात. जास्त आवळली तर कापतात.

शनिवार, पहाटे ५.३०. बाकी : सव्वाचार तास

काका चावी फिरवतात. डिकीजवळून पंपाची टकटक सुरू होते. पुतण्याला तो आवाज आवडतो, “काका, एकदम विमानासारखं!” काका कौतुकाने ऐकत राहतात.

या आवाजातच सगळं कळण्यासारखं होतं. या जातीचा पंप चावी ऑन झाल्यावर जोरात टकटक करतो, कार्ब्युरेटरची वाटी भरली, नीडलने तोंड बंद केलं, की दाब अडतो आणि टकटक मंदावते किंवा थांबते. इंजिन बंद असताना ती त्याच वेगाने चालत राहिली, तर पेट्रोल कुठेतरी जातंय. पोचायला हवं तिथे पोचून झालंय, आता जातंय ते दुसरीकडे. काकांची टकटक थांबत नाही. त्यांना ती पंपाच्या तब्येतीची खूण वाटते.

सेल्फ मारताच गाडी चालू. काकू पदर नाकाला लावतात. “अहो, आज वास जास्त आहे.” काका काच खाली करतात आणि ते वाक्य म्हणतात.

सकाळी ७.१०, पनवेल. बाकी : दोन तास ३५ मिनिटं

“फुल कर.” पंपावरचा मुलगा नोझल सुटल्यावरही थोडं थोडं करून काठापर्यंत भरतो. ३८ लिटरांची टाकी, जमिनीखालच्या गार साठ्यातलं पेट्रोल. पेट्रोल तापलं की पसरतं, दर अंशाला साधारण एक हजारांश. दुपारपर्यंत टाकी पंधरा अंशांनी तापली तर अर्धा लिटर जास्तीचं होतं, आणि ते टाकीच्या झाकणातून वाट काढतं. थोडी जागा ठेवली असती तर हे टळलं असतं. आजच्या आगीशी याचा संबंध नाही, पण वास आता दोन ठिकाणांहून येतोय. मागून येतो म्हणून काकू म्हणतात, “टाकीचाच आहे वाटतं.” सगळ्यांना हायसं वाटतं. पुढच्या वासाकडे लक्ष देण्याचं कारण संपलं.

सकाळी ८.१५, खोपोली. बाकी : दीड तास

वडापाव, चहा. गाडी सावलीत उभी. काका बॉनेट उघडतात, कारण मेळाव्यातले दोन ओळखीचे त्यांच्या गाड्या घेऊन तिथेच थांबलेत आणि इंजिन दाखवायचंय. चांगलं पुसलेलं, चकचकीत इंजिन आहे. तिघांचे चेहरे आत डोकावतात.

पाईप कोरडा दिसतो. गरम इंजिनावर गळती दिसत नसते. थेंब बाहेर पडतो तोच उडून जातो. दिसतं ते एवढंच, की बाकी सगळीकडे वाटेतली धूळ बसली आहे आणि फिल्टरच्या आधीच्या क्लिपजवळची धुऊन गेली आहे. बोटाएवढा पट्टा लख्ख. त्यातला एकजण म्हणतो, “क्लिप सैल वाटते.” पुतण्या गाडीतून स्क्रू ड्रायव्हर आणतो, दोन फेरे आवळतो. रबर क्लिपच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर येतं.

त्या दोन फेऱ्यांनी चीर आरपार झाली.

काका डिकीतून एक पाण्याची बाटली काढून मागच्या सीटवरच्या पुतण्याच्या पायाशी ठेवतात. तिच्यात एक लिटर पेट्रोल आहे. घाटात लागलं तर हाताशी असावं म्हणून. आग विझवण्याचं सिलिंडरही डिकीत आहे, पण ते तिघांच्या कपड्यांच्या बॅगांखाली आहे. ते लाल सिलिंडर मेळाव्यात तपासणीला दाखवायला लागतं म्हणून घेतलेलं. त्याच्या काट्याकडे शेवटचं कधी पाहिलं, हे कुणाला आठवत नाही.

सकाळी ९.०५, बोरघाट. बाकी : ४० मिनिटं

जुन्या रस्त्याने चढ सुरू. शिंगरोबाच्या देवळापाशी काकू खिडकीतून नाणं टाकतात. शिंगरोबा म्हणजे घाटाची वाट दाखवणारा धनगर. त्याच्या नावाने घाटात नाणं टाकायची पद्धत ट्रकवाल्यांपासून एसटीवाल्यांपर्यंत सगळे पाळतात.

दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापतंय. वळणावर ते एकदा अडखळतं, मग परत. मिसिंग. काका चोक थोडा ओढतात, बरं वाटतं. चोक ओढल्यावर बरं वाटलं, याचा अर्थ इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं. पंप तर जोरात चालतोय, टाकी काठोकाठ भरलीय. मग पेट्रोल कमी का पडतंय? वाटेत सांडतंय म्हणून. पण घाट, ऊन आणि जुनी गाडी एकत्र आले की प्रत्येक चालकाच्या तोंडी एकच निदान येतं, आणि काकांच्याही येतं : “हवा धरली.”

हवा धरणं, म्हणजे नळीतल्या पेट्रोलची उष्णतेने वाफ होऊन प्रवाह तुटणं, हा खरा आजार आहे. पद्मिनीला, अ‍ॅम्बॅसेडरला, जीपला तो होतोच. पंपावर ओलं फडकं टाकून, पाच मिनिटं थांबून अनेक पिढ्यांनी घाट चढला आहे. फसगत इथेच होते. ओळखीच्या निरुपद्रवी दुखण्याची लक्षणं आणि जीवघेण्या गळतीची लक्षणं ड्रायव्हरच्या सीटवरून एकसारखी असतात. फरक एवढाच, की हवा धरलेल्या गाडीला वास येत नाही.

सकाळी ९.२२, अमृतांजन पॉइंट. बाकी : २३ मिनिटं

जुना रस्ता इथे एक्स्प्रेसवेला मिळतो. इंग्रजांच्या काळातला पूल इथे होता, एप्रिल २०२० मध्ये पाडला. शनिवार सकाळ, सुट्टीवर निघालेल्या गाड्या, चार रांगा थांबलेल्या. पद्मिनी इंचाइंचाने पुढे सरकते.

गाडी धावताना बॉनेटखाली वारा फिरतो, वाफ मागे निघून जाते. गाडी उभी राहिली की तीच वाफ तिथेच साचते आणि इंजिनाची उष्णता वाढत जाते. सुट्ट्या पाईपमध्ये लोंबणारा प्लॅस्टिकचा फिल्टर मऊ पडलाय आणि चिरेवर ओझं टाकतोय.

सकाळी ९.३१. बाकी : १४ मिनिटं

इंजिन बंद. काका गाडी उताराने मागे न जाऊ देता कडेला घेतात, पुतण्या दगड लावतो. पद्मिनीचं तोंड चढाकडे आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

काका चावी ऑनच ठेवतात. त्यांच्या मते पंप चालत राहिला तर धरलेली हवा निघून जाईल. टकटक, टकटक. बंद इंजिनावर पंप जे काही ढकलतोय ते सगळं आता चिरेतून बाहेर येतंय.

बॉनेट उघडलं जातं. वासाचा भपका इतका, की काकू मागे सरतात. “अहो, हे काहीतरी वेगळं आहे. मी त्या कठड्यापाशी उभी राहते.” त्या क्षणी त्या गाडीजवळ योग्य निर्णय घेणारं हे एकच माणूस.

बऱ्याच जणांची समजूत असते, की गरम सायलेन्सरवर पेट्रोल पडलं की भडका उडतो. नेहमी तसं होत नाही. तापलेल्या लोखंडावर पडलेलं पेट्रोल बहुतेक वेळा सुस्कारा टाकून उडून जातं, म्हणून तर लोकांना धीर चढतो : ‘इतके दिवस गळतंय, काही झालं का?’ पेट्रोलला पेटायला बहुधा ठिणगी लागते. ती प्लगच्या तडकलेल्या वायरीतून मिळते, डिस्ट्रिब्युटरमधून, डायनॅमोच्या ब्रशमधून, बॅटरीच्या सैल टर्मिनलमधून. किंवा खुद्द इंजिन ती देतं.

सकाळी ९.३८. बाकी : ७ मिनिटं

मागच्या गाडीतून एकजण उतरून येतो. असा माणूस प्रत्येक घाटात असतो. “एअर क्लीनर काढा. कार्ब्युरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल टाका. लगेच उचलेल.”

ही युक्ती आपल्याकडे इतकी रुळलीय की तिच्यात काही धोका आहे असं कुणाला वाटतच नाही. इंजिनात मिश्रण बिघडलेलं असेल तर ते कधीकधी इनलेट वॉल्व्ह उघडा असतानाच पेटतं, आणि ज्वाळा आत जाण्याऐवजी उलट कार्ब्युरेटरच्या तोंडातून बाहेर येते. मिस्त्री त्याला फटका म्हणतात. एअर क्लीनर बसवलेला असेल तर त्याचा फिल्टर ती ज्वाळा बऱ्यापैकी अडवतो. धूळ अडवण्याखेरीज त्याचं हे दुसरं काम, आणि कंपनीच्या लोकांना ते ठाऊक होतं.

पुतण्या तीन नट काढतो. एअर क्लीनर रस्त्यावर. कार्ब्युरेटरचं तोंड उघडं.

सकाळी ९.४३. बाकी : २ मिनिटं

पुतण्या उजव्या हातात बाटली धरून उभा. काका आत. इंजिन बंद पडून बारा मिनिटं झाली, चावी ऑनच आहे. इंजिनाच्या खाली, दोन चाकांच्या मधे, रस्त्यावर आता ओल दिसतेय. कारण इंजिनाचा पत्रा पेट्रोलनेच गार झालाय आणि सांडणारं सगळं उडून जात नाही. पलीकडच्या ट्रकचा क्लीनर खाली वाकून बघतो आणि ओरडतो, “ओ दादा, खाली तेल गळतंय!” पुतण्या म्हणतो, “एसीचं पाणी असेल.” पद्मिनीला एसी नाही.

सकाळी ९.४५

पुतण्या कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोल ओततो, दोन घोट. “मारा काका!”

सेल्फ फिरतो. एक, दोन. फट्.

वीतभर निळी-पिवळी ज्वाळा कार्ब्युरेटरच्या तोंडातून वर येते. एवढ्यावर ती विझलीही असती, अशा ज्वाळा इंजिन फिरत राहिलं तर परत आत ओढल्या जातात. पण तिच्या वाटेत बाटली होती. बाटलीचं तोंड पेटतं, पुतण्या दचकून ती फेकतो. ती मडगार्डवर आपटते, सांडते, बाकीचं इंजिनावर. तिथे चौदा मिनिटांची वाफ वाट पाहतेय. भडका बॉनेटच्या कडेबाहेर येतो आणि गाडीखालची ओल दुसऱ्या क्षणी पेटते.

काका दार उघडून उडी मारतात. चावी ऑनच. पंप ज्वाळेला पेट्रोल पुरवतोय, जोरात, कारण पाईप आता जळून मोकळा झालाय.

ट्रकचा ड्रायव्हर धावत येतो, हातात त्याच्या केबिनमधलं सिलिंडर. पहिली हाक, “चावी बंद करा, चावी!” काका वाकून आत हात घालतात आणि चावी फिरवतात. टकटक थांबते. इथे गाडीचं चढाकडचं तोंड कामाला आलं : टाकी मागे, म्हणजे इंजिनापेक्षा बरीच खाली. पंप थांबताच पेट्रोल येणं थांबलं. हीच गाडी खंडाळ्याकडून खाली उतरत असती, तर टाकी वर आणि इंजिन खाली अशी स्थिती असती आणि अडतीस लिटर आपल्या पायाने ज्वाळेकडे चालत आले असते.

पुढचं पटकन सांगून टाकतो. ड्रायव्हरच्या सिलिंडरने ज्वाळा दोनदा बसली, दोनदा परत उठली, कारण पत्रा तापलेला होता आणि फटींत पेट्रोल शिल्लक होतं. पावडर ज्वाळा मारते, लोखंड गार करत नाही. कुणीतरी पाण्याच्या बाटल्या ओतल्या, त्याने जळतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढच्या चाकापर्यंत गेलं. डिकीतलं सिलिंडर बॅगा उपसून निघालं तेव्हा काटा लाल पट्ट्यात होता. वायरिंगच्या भोकांतून आग डॅशबोर्डमध्ये शिरली, पुढची काच तडकली. आगीचा बंब पोचला तोवर पुढचा अर्धा भाग सांगाडा झाला होता. पुतण्याचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. कुणीतरी टूथपेस्ट आणली, काकूंनी ती बाजूला सारली आणि हातावर साध्या पाण्याची धार वीस मिनिटं धरली. बाकी कुणाला काही झालं नाही. गाडी टोचन करून लोणावळ्याला नेली.

मागे मोजत गेलं तर

विडीवाला वॉचमन, पंपाची टकटक, धुतला गेलेला पट्टा, घाटातली मिसिंग, ट्रकचा क्लीनर. पाच वेळा सांगून झालं होतं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, कधी शब्दांत, कधी न बोलता.

मला विचाराल तर जुन्या गाडीत पेट्रोलचा वास ‘थोडा’ नसतो. असतो किंवा नसतो. असला तर चार जागा : टाकी आणि तिचं झाकण, मागून पुढे येणारी लोखंडी नळी, रबराचे जोड, आणि कार्ब्युरेटर. थंड इंजिनावर, दिवसाउजेडी, कोरडा पांढरा कागद प्रत्येक जोडाखाली फिरवला की जागा सापडते. रबराचे पाईप वाकवून पाहायचे, कडेला तडे दिसले की बदलायचे, न दिसले तरी तीन-चार वर्षांनी बदलायचे. पाईपवर ‘एसएई जे-३० आर-९’ असं छापलेलं बघून घ्यायचं. तो आतून इथेनॉलला दाद न देणाऱ्या रबराचा असतो. मीटरने विकला जाणारा कुठलाही काळा पाईप म्हणजे पेट्रोलचा पाईप नव्हे, आणि पारदर्शक प्लॅस्टिकचा तर मुळीच नव्हे. क्लिप गुळगुळीत पट्टीची, आणि आवळायची ती हलणार नाही इतपतच. जोड गळतो म्हणून सिलिकॉन फासणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा, पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं आणि त्याचे तुकडे कार्ब्युरेटरमध्ये जातात. टाकीला भोक पडलं तर त्यावर अंगाचा साबण चोळून घरी पोचता येतं, ही जुनी युक्ती खरी आहे, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण ती घरापर्यंतच. आणि टाकीला वेल्डिंग करताना ‘रिकामी केलीय’ यावर विसंबू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, तिच्यात वाफ असते.

मूळ पंपाचं किट शोधलं तर मिळतं आणि तोच बसवावा. इलेक्ट्रिकच हवा असेल तर दाब दोन-तीन पीएसआय, मधे रेग्युलेटर, आणि वायर ऑइल प्रेशरच्या स्विचमधून, म्हणजे इंजिन बंद तर पंप बंद. सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाशी. बॉनेट बंद असताना आग लागली तर ते सताड उघडू नका, नुसती खिटी सोडा आणि फटीतून मारा. आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतणारा हात, मग तो कितीही अनुभवी मिस्त्रीचा असो, मागे ओढा.

ज्यांनी टकटक करणारा पंप बसवून घेतलाय त्यांनी आजच एवढं करून पाहा. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि काच खाली करून ऐका. अर्ध्या मिनिटात टकटक मंदावली नाही, तर चावी काढा, बॅटरीची वायर सोडा आणि मिस्त्रीला घरी बोलवा. गाडी चालवत त्याच्याकडे नेऊ नका.